एका वर्षाची वाट

८ जुलै २०१९ रोजी महाराष्ट्रातून निघालेला एक ट्रेलर १९ जुलै २०२० रोजी तिरुवनंतपुरमला पोहोचला. अंतर सुमारे १७०० किलोमीटर. दिवसाला सरासरी साडेचार. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी एका दिवसात याच्या तिप्पट-चौपट चालतो.

ट्रेलरवर होता विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी बनवलेला ऑटोक्लेव्ह. आपल्या कुकरचा थोरला भाऊच म्हणा! कंपोझिट या संमिश्र पदार्थाचे सुटे भाग त्यात उष्णता आणि दाब देऊन पक्के करतात. वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहा मीटरहून जास्त. सोबत ३२ माणसं.

ऐकणारा आधी वजनाला दचकतो. पण अशा अवाढव्य मालाच्या वाहतुकीत, जिला सगळे ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) म्हणतात, वजनावरचा तोडगा ठरलेला आहे: ते वाटून टाकायचं. इथे चाकं होती ७४. म्हणजे चाकामागे मालाचा भार टनभराच्या आसपास. अशा मालासाठीच्या हायड्रॉलिक ट्रेलरची चाकं तेलाच्या सिलिंडरांवर तोललेली असतात, आणि एका गटातले सिलिंडर नळ्यांनी एकमेकांना जोडलेले. चाक खड्ड्यात उतरलं की तेल तिकडे धावतं. तो सिलिंडर लांबतो, शेजारचे आखडतात, आणि भार सगळ्यांवर सारखा राहतो. रस्ता एका अंगाला कलला, तर त्या बाजूला तेल भरून ट्रेलरची पाठ पुन्हा सपाट करता येते. पुढे ‘पुलर’ ट्रक ओढतो. मागची माणसं चालत-चालत चाकांवर नजर ठेवतात.

आकार मात्र असा वाटून देता येत नाही. दुपदरी रस्त्याचं डांबरच मुळी सात मीटर रुंद. त्यावर हा माल चढला की समोरून येणाऱ्या सायकललाही कडेला उतरावं लागतं. मग गाव आलं की वीज बंद करून तारा उचला, फांद्या छाटा, पूल तपासा, परवानगीचा कागद येईपर्यंत कडेला थांबा. त्यातच लॉकडाउन लागला, आणि ताफा वाटेतच अडकला.

कंपोझिट वापरतात ते वजन वाचवण्यासाठी. रॉकेटवरचा एकेक किलो कमी व्हावा म्हणून हे ७० टनांचं भांडं चार राज्यं ओलांडून गेलं. वाटेतल्या गावांनी घटकाभर अंधार सोसला, आणि ३२ माणसांचं एक अख्खं वर्ष रस्त्यावर गेलं.