सिकलसेलच्या मुलाची छाती सांभाळा

पोराच्या पायात कळा येतात. आई शेक देते, आजी तेल चोळते. दुसऱ्या दिवशी ताप भरतो, थोडा खोकला येतो आणि मूल म्हणते, "आई, छातीत दुखते." घरचे म्हणतात, सर्दी आहे, उतरेल. कुणी अंगारा आणतो, कुणी औषधाच्या दुकानातून गोळी. तिसऱ्या रात्री मुलाच्या नाकपुड्या फुलू लागतात, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जातात. मग धावपळ सुरू होते. विदर्भातल्या कित्येक घरांना हे नवे नाही. मूल सिकलसेलचे असेल, तर वाया गेलेले ते दिवस त्याच्या जिवावर बेतू शकतात.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. पुढे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत गोंड, भिल्ल, पावरा अशा जमातींत आणि विदर्भातील आपल्या बौद्ध वस्त्यांतही तो आढळला. म्हणून काही लोक त्याला 'जातीचा आजार' म्हणतात. हे साफ चूक आहे. ज्या मुलखात पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे हा गुण टिकला, कारण एकाच पालकाकडून तो मिळालेल्या वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. दोन्ही पालकांकडून गुण आला तरच 'एसएस' प्रकारचे आजारी मूल जन्मते. तेव्हा एकट्या आईला दोष देणेही सोडावे.

छातीत काय होते?

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते आणि दहा-वीस दिवसांतच फुटते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या फुप्फुसात अडकल्या, तिथे जंतुसंसर्ग झाला, किंवा हाडाच्या मगजातील चरबीचे कण रक्तातून तिथे पोचले, की प्राणवायू कमी पडतो. प्राणवायू कमी झाला की आणखी पेशी वाकड्या होतात. असे हे दुष्टचक्र आहे. डॉक्टर याला 'अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम' म्हणतात.

लहान मुलांत ताप व खोकला, तर मोठ्या मुलांत छातीत, बरगड्यांत किंवा पाठीत दुखणे ही याची लक्षणे. पुष्कळदा मूल हातापायाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात भरती होते आणि दोन-तीन दिवसांनी छाती धरते. पहिल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नये. दुखते म्हणून मूल वरवर श्वास घेते, त्याने फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो. म्हणून भरती असताना जागेपणी दर दोन तासांनी त्याच्याकडून खोल श्वास घेववावा. त्यासाठी गोळ्या वर चढणारे प्लॅस्टिकचे उपकरण मिळते. घरी पाणी भरपूर द्यावे, पण सलाईन मात्र मोजूनच लावावी लागते. जास्त झाली तर फुप्फुसात पाणी भरते. "आणखी एक बाटली लावा" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

हृदयावरचा भार

रक्त कमी असल्याने हृदयाला जास्त पंप करावे लागते. वर्षानुवर्षे तसे केल्याने ते आकाराने वाढते. डॉक्टरांना जादा आवाज ऐकू येतो आणि घरात "हृदयाला भोक आहे" अशी घबराट पसरते. बहुतेक वेळा तो आवाज पातळ रक्ताच्या जोरदार प्रवाहाचा असतो. टू-डी इको केल्यावर खरे काय ते कळते. दुसरा धोका म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढणे. थोडे चालले तरी धाप लागणे, खेळता खेळता चक्कर येणे, पायावर सूज येणे, ही लक्षणे दिसली तर लगेच तपासणी करावी. वारंवार रक्त दिलेल्या मुलांच्या अंगात लोह साचते आणि ते यकृताला व हृदयाला इजा करते. म्हणून लोहाचे टॉनिक आपल्या मनाने देऊ नये.

पालकांनो, एवढे करा

- ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखले किंवा श्वास वाढला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. "मूल सिकलसेलचे आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि रिपोर्ट सोबत न्या.
- पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन रोज दोन वेळा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. न्यूमोकोकसची लस चुकवू नका. ती सरकारी लसीकरणात मोफत आहे.
- हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे आणि छातीचे झटके कमी होतात. रक्त तपासत राहून ते नियमित द्यावे. बरे वाटले म्हणून बंद करू नये.
- घरात बिडी-सिगारेट नको. चुलीच्या धुरातही मूल बसवू नका. दमा असेल तर त्याचे औषध वेगळे चालू ठेवा.
- शाळेत गुरुजींना सांगून ठेवा, पाणी प्यायला आणि लघवीला जाण्याची मुभा मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्राची चौकशी करा.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. पत्रिका पाहण्यापेक्षा लग्नाआधी मुलामुलींचे रक्त तपासा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. आजार लपवल्याने सोयरीक जमेल, पण त्याची किंमत पुढे एखादे कोवळे मूल धापा टाकत मोजील.