डिकीतला माल सुटा नको. कशाला पट्टा, कशाला पेटी?

खरीप तोंडावर आला की तालुक्याहून परतणाऱ्या कारमध्ये मागे काय नसतं! युरियाची गोणी, औषधाच्या बाटल्या, किराणा, फवारणीचा पंप, सगळं एकमेकांवर. रस्ता मोकळा असेपर्यंत काही वाटत नाही. जनावर आडवं आलं अन् करकचून ब्रेक लागला, की गाडी थांबते, माल थांबत नाही.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर ५ किलोच्या कॅनचा धक्का सुमारे १०० किलोचा होतो. पुढे बसलेल्याच्या पाठीत काय होईल, सांगायला नको. म्हणून ४५ किलोची युरियाची गोणी खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवूनच ठेवावी. जागेसाठी सीट पाडली असेल तर माल अडवायला काहीच उरत नाही, तेव्हा बांधणं आलंच.

बांधायला बहुतेक जण हुकाची रबरी दोरी घेतात, कारण ती स्वस्त. ताडपत्री दाबायला ती ठीक आहे. जड वजनाला ताणते, आणि हूक निसटला तर थेट डोळ्यावर येतो. गोणी, पंप, मोटार यांना रॅचेटचा पट्टाच हवा, खटका मारत आवळायचा. त्याच्यावर किती वजन झेपतं ते छापलेलं असतं. काहीच छापलेलं नसेल तर तो घेऊ नये. बऱ्याच गाड्यांच्या डिकीत कोपऱ्याला लोखंडी कड्या असतात, कधी चटईखाली दबलेल्या. पट्टा त्यांना अडकवावा, प्लास्टिकच्या हँडलला नाही. थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून पुन्हा आवळावा, कारण गोणी बसते आणि पट्टा ढिला पडतो.

किराणा, पाने, सुटे नोझल यांसाठी घडीची कापडी पेटी ऑनलाइन मिळते. खरं तर टोमॅटोचं प्लास्टिक कॅरेट तेच काम जास्त मजबुतीने करतं. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा टाकला की सरकत नाही. मात्र कॅरेटही अडकवून ठेवावं. डिकीची जाळी फक्त हलक्या सामानाला.

औषधाला मात्र उघडं कॅरेट चालत नाही. घट्ट झाकणाची वेगळी पेटी, बाटल्या उभ्या, मध्ये चिंध्या. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार औषध खाण्याच्या वस्तूंना किंवा पशुखाद्याला लागेल असं नेता येत नाही. छोट्या कारमध्ये डिकी आणि बसायची जागा यांची हवा एकच असते, त्यामुळे गळती झाली तर वास पोरांपर्यंत जातो. पिकअप जाणार असेल तर औषध त्यातच पाठवावं.