जुनी भूसर्वेक्षण उपकरणे : दुरुस्ती की नवी खरेदी?

प्रस्तावना

भूगोल व स्थापत्य अभियांत्रिकी विभागांच्या प्रयोगशाळांत समतल फलक, प्रिझमॅटिक कंपास, डम्पी लेव्हल, थिओडोलाइट आणि अलीकडील काळातील टोटल स्टेशन अशी उपकरणे एकत्र नांदताना दिसतात. ती जुनी झाली की दुरुस्त करावीत की निर्लेखित करून नवी घ्यावीत, हा प्रश्न बहुधा अनुदान मिळण्याच्या किंवा लेखापरीक्षणाच्या वेळी उपस्थित होतो आणि उपकरणाच्या वयावरून घाईने सोडवला जातो. वस्तुतः वय हा या निर्णयाचा दुय्यम निकष आहे. सर्वेक्षणाचे उपकरण बंद पडले तर ते लगेच लक्षात येते. मात्र चालू असूनही चुकीचे वाचन देणारे उपकरण अधिक घातक ठरते. त्यावर शिकलेला विद्यार्थी पुढे शेताची हद्द किंवा कालव्याचा उतार ठरवणार असतो. प्रस्तुत लेखात या निर्णयाच्या निकषांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक दाखला

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ 1802 मध्ये मद्रासजवळील आधाररेषेच्या मापनाने झाला. विल्यम लॅम्बटन यांचा सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट 1808 मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून आदळला आणि त्याचे क्षैतिज वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून ते पूर्ववत केले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 च्या दशकात हेन्री बॅरो या कारागिराकडून याच यंत्राची पुनर्बांधणी करून घेतली. बॅरो यांच्यानंतर 1843 मध्ये उपकरण-निर्मात्याचे पद अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आले. दुसरे यंत्र सागरमार्गे येण्यास दीर्घ काळ लागला असता, दुरुस्तीचे कौशल्य जवळ होते आणि दुरुस्तीनंतरची अचूकता निरीक्षणांतून तपासता येत होती. या तीन कारणांमुळे दुरुस्तीचा मार्ग समर्थनीय ठरला. आजचा निर्णयही याच कसोट्यांवर घासून पाहता येतो.

पहिला निकष : दोष मोजता येतो काय?

डम्पी लेव्हलची दृष्टिरेषा क्षैतिज आहे की नाही हे दोन खुंट्यांच्या चाचणीने कळते. समजा, दोन खुंट्या 60 मीटर अंतरावर आहेत. उपकरण बरोबर मध्यभागी ठेवल्यास दोन्हीकडील चूक समान असल्याने ती वजाबाकीत नाहीशी होते. तेथून पट्टीची वाचने 1.420 व 1.265 मीटर आली, तर उंचीतील खरा फरक 0.155 मीटर होय. आता उपकरण पहिल्या खुंटीच्या अगदी निकट नेल्यावर तेथील वाचन 1.510 आले, तर दुसरे 1.355 यावयास हवे. प्रत्यक्षात ते 1.361 आले, तर दृष्टिरेषा 60 मीटरमध्ये 6 मिलिमीटर वर झुकलेली आहे. तंतुपटाचे स्क्रू फिरवून हा दोष दूर करता येतो.

येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. समायोजनानंतर काही दिवसांनी हीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोष परतला नाही, तर तो केवळ समायोजनाचा होता. वारंवार परतत असेल, तर झीज झाली आहे आणि तेव्हा दुरुस्तीवरील खर्च वाया जाण्याचा संभव अधिक.

दुसरा निकष : भाग व सेवा उपलब्ध आहेत काय?

यांत्रिक उपकरणांची दुरुस्ती बहुधा शक्य असते. ताणलेल्या साखळीच्या कड्या ठीक करता येतात, कंपासच्या सुईला पुन्हा चुंबकत्व देता येते, लेव्हलची पाणसळ बदलता येते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे तसे नाही. टोटल स्टेशनचे भिंग निर्दोष असूनही मुख्य परिपथ-फलक मिळेनासा झाला की यंत्र निरुपयोगी ठरते. जीपीएसच्या संदेशातील आठवड्यांची मोजणी 1024 आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. अशी वेळ एप्रिल 2019 मध्ये आली तेव्हा प्रणाली अद्ययावत न केलेले काही जुने ग्राहक चुकीची तारीख दाखवू लागले. त्यांत कोणताही भाग तुटलेला नव्हता. उत्पादकाचा आधार संपला होता.

तिसरा निकष : खर्च व उपयोग

दुरुस्तीच्या खर्चाची तुलना केवळ नव्या किमतीशी करणे पुरेसे नाही. उर्वरित आयुष्याच्या प्रत्येक वर्षामागे किती खर्च येतो हे पाहावे. समजा, 18,000 रुपयांच्या दुरुस्तीने लेव्हल तीन वर्षे चालणार असेल, तर वार्षिक खर्च 6,000 रुपये. 30,000 रुपयांची नवी लेव्हल दहा वर्षे चालणार असेल, तर तो 3,000 रुपये. अशा वेळी स्वस्त वाटणारी दुरुस्तीच महाग पडते. त्यात नियतकालिक तपासणीचा खर्चही धरावा.

याची दुसरी बाजूही आहे. सहा लेव्हल काढून एक टोटल स्टेशन घेतल्यास अचूकता वाढते, परंतु साठ विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला केवळ पाहणे येते. शिवाय टोटल स्टेशन उत्तर देते. उत्तरामागील भूमिती मात्र समतल फलक व थिओडोलाइट हाताळूनच उमगते.

समारोप

थोडक्यात, दोष मोजता येतो, समायोजन टिकते आणि भाग मिळतात, तर जुने उपकरण राखावे. यांपैकी एकही अट पूर्ण होत नसेल, तर नवे घ्यावे. काहीच अटी पूर्ण होत असतील, तर वार्षिक खर्च आणि अध्यापनातील उपयोग यांवरून निर्णय करावा. त्यासाठी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख व किंमत यांबरोबरच दरवर्षीच्या चाचणीतील चुकीचे मान नोंदवणे हितावह ठरेल. निर्लेखनाच्या प्रस्तावाला त्यामुळे पुराव्याचा आधार मिळेल. मापनातून बाद झालेले उपकरणही ‘केवळ अध्यापनासाठी’ अशी स्पष्ट खूण करून ठेवता येते. दोष कसा शोधावा हे शिकवण्यास सदोष उपकरणाइतके उत्तम साधन नाही.