पाण्यानेच आणले, पाण्यानेच नेले युरेनियम

युरेनियम म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर अणुबॉम्ब नाहीतर अणुवीज केंद्र येत असेल. पण हे खनिज साध्या वाळूच्या दगडात कसे पोहोचते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? उत्तर आहे, पाण्यामुळे! अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातला ग्रँट्स परिसर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

वाळूत अडकलेला खजिना

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी येथे नद्या वाहत होत्या. त्यांच्या वाळूचा पुढे दगड बनला. प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियम सहज विरघळते. असे पाणी या थरांतून झिरपत राहिले. जिथे कुजलेल्या वनस्पतींचे अंश होते, तिथे पाण्यातला प्राणवायू संपला आणि युरेनियम वाळूच्या कणांभोवती साचले. त्यातून कॉफिनाइट हे काळे खनिज तयार झाले. नाव ऐकून शवपेटी आठवली ना? पण ते रूबेन कॉफिन या भूवैज्ञानिकाच्या नावावरून पडले आहे.

हवा लागली की युरेनियमची पिवळी खनिजे बनतात. १९५० मध्ये नवाहो मेंढपाळ पॅडी मार्टिनेझ यांना ग्रँट्सजवळच्या चुनखडीत असाच पिवळा दगड सापडला आणि पाहता पाहता खाणी उभ्या राहिल्या.

किंमत कोणी मोजली?

खाणींत हवा खेळती नव्हती. तिथला रेडॉन वायू श्वासातून आत गेल्याने अनेक नवाहो कामगारांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला. काही घरे तर खाणीतल्या टाकाऊ दगडांनीच बांधली गेली होती.

१६ जुलै १९७९ रोजी चर्च रॉक येथील गिरणीच्या सांडपाण्याचा बांध फुटला. सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त, किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत शिरले. याच नदीवर मेंढरे पाणी प्यायची. कामगारांसाठी भरपाईचा कायदा १९९० मध्ये आला. २००५ मध्ये नवाहो नेशनने आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणींना बंदीच घातली.

आपल्याकडेही मेघालयातील डोमियासियात येथे वाळूच्या दगडात युरेनियम आहे. तिथल्या खासी लोकांनी खाणीला अनेक वर्षे विरोध केला आहे.

बंद थरात युरेनियम कोट्यवधी वर्षे शांत राहते. खाण खोदली की हवा आत शिरते आणि ते पुन्हा पाण्यात विरघळू लागते. म्हणून अणुविजेची चर्चा निघाली की एक प्रश्न नक्की विचारा, खाणीतले पाणी कुणाच्या विहिरीत जाणार?