अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे

आमच्या माहेरी, सांगली जिल्ह्यातल्या खेड्यात, मुलं विहिरीत पोहायला शिकायची ती पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड वजनाला हलकं, माणसाला पाण्यावर धरून ठेवतं. बिंडा बांधला जायचा तो भावांच्या पाठीला. आम्ही दोघी बहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. एकदा धाकटीनं "मला पण" म्हणून हट्ट धरला, तर आजीनं असा काही धपाटा घातला की तिनं पाण्याचं नावच टाकलं.

तीच धाकटी आज कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला राहते. समुद्र गाडीनं वीस मिनिटांवर. आणि तिच्या पोटी आलेली मुलगी लाटांवर उभी राहणारी! 2023च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा मायलेकींत अबोला होता. कारण आदल्या वर्षीचं. भाचीनं कुणाची तरी जुनी सर्फबोर्ड घेतली होती. लाटेत पडली, फळी उलटली आणि तिच्या खालच्या धारदार पात्यानं पोटरी कापली. सहा टाके! बहिणीनं ती फळी त्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकली. मुलगी काही बोलली नाही. तिनं गॅरेजात स्वतःची नवी फळी करायला घेतली.

मैत्रिणींनो, सर्फबोर्ड म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत यायची लांब फळी, एवढं आपल्याला टीव्हीमुळे माहीत असतं. तिच्या पोटाला, शेपटीकडे, माशाच्या परासारखं एक पातं असतं, त्याला फिन म्हणतात. मला वाटलं, हे होडीच्या सुकाणूसारखं असणार. भाची हसली. "मावशी, सुकाणू फिरतं. हे फिरत नाही. हे फक्त पाण्याला धरून ठेवतं." वळायचं असतं ते अंगाचा भार एका बाजूला टाकून. फिन नसेल तर फळीची शेपटी बाजूला घसरते आणि माणूस पडतो. शेकडो वर्षं हवाई बेटांवरचे लोक फिनशिवायच लाटा खेळले. 1935 साली टॉम ब्लेक या अमेरिकन माणसानं तिथल्या वायकिकी किनाऱ्यावर एका टाकून दिलेल्या मोटारबोटीचं पातं काढून आपल्या फळीला बसवलं. तिथून हे सुरू झालं. पुढे दोन आली आणि 1981मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं तीन फिनांच्या फळीवर मोठी स्पर्धा जिंकल्यावर तीनची पद्धत जगभर पसरली.

भाचीची फळी नऊ फुटी, शांत चालीची. अशीला मधोमध एकच मोठी फिन चालते. पण तिनं एक गोष्ट आधीच ठरवली होती. फिन कायमची चिकटवायची नाही. फळीत साडेदहा इंची लांबट खोबण बसवायची, तिला फिन बॉक्स म्हणतात. त्यात फिन मागंपुढं सरकते आणि एका स्क्रूनं आवळली जाते. नको तेव्हा काढून ठेवता येते. आईच्या भीतीला तिचं हेच उत्तर होतं, फक्त ते आईला सांगायला तोंड उघडत नव्हतं.

फिन निवडताना ढोबळ हिशेब असा की फळी जितकी फूट, तितकी फिन इंच. म्हणजे नऊ फुटीला नऊ इंची. पुढे सवयीप्रमाणे कमी-जास्त. बुंध्याशी रुंद आणि टोकाला लवचीक असली तर वळताना सोपी जाते. तिथल्या समुद्रात केल्प नावाचं लांबच लांब शेवाळ असतं, म्हणून मागे कललेली बरी, शेवाळ निसटून जातं. आणि भाचीनं घेतली ती कडेला मऊ रबर असलेली. वेग थोडा कमी मिळतो म्हणे. मिळू दे!

बसवण्याच्या दिवशी मी गॅरेजात मदतीला. फळी फोमची, मधून उभी लाकडी पट्टी, वरून काचेच्या कापडाचा थर. फोम दोन तऱ्हेचे असतात हे मला तिथंच कळलं. थर्माकोलसारखा असेल तर साधं पॉलिएस्टर रेझिन त्याला विरघळवून टाकतं, तिथे इपॉक्सीच हवं. हिचा पॉलियुरेथेनचा होता, त्याला पॉलिएस्टर चालतं. शेपटीपासून सहा इंच सोडून मधल्या पट्टीवरच पेन्सिलीनं खूण केली. राऊटर म्हणजे खाच पाडायचं विजेचं यंत्र. ते लाकडी साच्यात धरून तिनं साधारण इंचभर खोल खाच काढली. हात थरथरत होते पोरीचे. एकदा खोल गेलं की गेलं, परत भरून तो पूर्वीचा जोर येत नाही.

मग बॉक्स कोरडाच बसवून पाहिला. त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली, नाहीतर रेझिन आत शिरून फिन जायची वाटच बंद. पहिल्या खेपेला तिनं रेझिन एकदम भरपूर कालवलं. हार्डनर पडताच मग गरम झाला, धूर यायला लागला, आम्ही तो घेऊन अंगणात पळालो. दुसऱ्यांदा थोडंथोडं केलं. तोंडाला मास्क, हातात मोजे, गॅरेजचं दार सताड उघडं. तरी वास डोक्यात गेलाच. बॉक्समध्ये फिन उभी करून मी गुण्या धरला. आमच्या गावच्या सुताराला चौकट बसवताना लहानपणी पाहिलं होतं, तेवढंच माझं भांडवल. "डावीकडे झुकलीय बघ," म्हटलं. केसभर सरळ केली आणि रेझिन घट्ट होईपर्यंत दोघी श्वास रोखून उभ्या. वरून काचकागद मारताना बघते तर दारात बहीण. कधीपासून उभी होती कोण जाणे.

ला होयाच्या किनाऱ्यावर पहिली चाचणी. फिन पुढे घेतली की फळी चटकन वळते, पण बेभरवशाची होते. मागे घेतली की सरळ, ठाम चालते, वळायला आळशी. भाची दर थोड्या वेळानं बाहेर यायची, स्क्रू सैल करून अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे. स्क्रू वाळूत पडला तर शोधत बसायला नको म्हणून जास्तीचा एक डब्बीत घालून माझ्याकडे दिलेला. घरी आलं की सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं, आणि स्क्रू ताकदीनं पिळायचा नाही, हेही ती मला बजावून सांगायची, जणू काही मीच उद्या फळी घेणार होते!

घेतली ती बहिणीनं. पुढच्या रविवारी मिशन बेला गेलो. तिथे खाडीचं संथ पाणी, लाटा नाहीत. कुणी काही न विचारता बहीण म्हणाली, "मी नुसती झोपून बघते." लाइफ जॅकेट घातलं, पंजाबी ड्रेसची ओढणी माझ्या हातात दिली. पाणी उथळ, फिन तळाला घासेल, शिवाय आई घाबरेल, म्हणून भाचीनं फिन काढून ठेवली होती. बहीण पालथी झोपली, हातानं पाणी मारलं आणि फळी गरकन फिरून काठाकडे तोंड करून थांबली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा ती खाली घसरली, कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, केस निथळत.

"ही अशी का फिरतेय गं?"

"फिन नाही म्हणून, आई."

बहीण क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मग लाव की."

मी डब्बी उघडून स्क्रू दिला. दोघी मायलेकींनी फळी उलटी करून धरली. भाचीनं पातं खोबणीत घातलं आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

"सरळ जाईल तिथे. अजून मागे घे. अजून."