लेथची उंची कोपराला विचारावी

लाकडाचा लेथ घेणारा माणूस दुकानात मोटरची ताकद विचारतो, किती लांबीचे लाकूड बसेल ते विचारतो, किती मोठा वाडगा कातता येईल तेही विचारतो. यंत्र जमिनीपासून किती उंचीवर बसवायचे, हा प्रश्न मात्र ते घरी आल्यावरच पडतो आणि बहुधा रिकाम्या टेबलावर मांडून तो निकालातही निघतो. चूक इथेच होते. साधारण 75 सेंटीमीटर उंचीचे टेबल बसून लिहिण्यासाठी किंवा जेवण्यासाठी असते. उभ्याने लाकूड कातणाऱ्याशी त्या मापाचा संबंध नाही. लेथची घोडी, म्हणजेच स्टँड, हा यंत्राचाच भाग मानायला हवा आणि त्याचे पहिले माप काम करणाऱ्याच्या अंगावरून घ्यायला हवे.

हे माप घेणे सोपे आहे. कामावर वापरायची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, दंड अंगालगत ठेवून कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. ते साधारणपणे आपल्या उंचीच्या 63 टक्के भरते. 165 सेंटीमीटर उंचीच्या माणसाला 104, तर 180 सेंटीमीटरच्या माणसाला 113. या रेषेवर घोडीचा माथा नव्हे, तर स्पिंडलचा, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या आसाचा, मध्य आला पाहिजे. समजा, छोट्या लेथच्या बुडापासून स्पिंडलचा मध्य 23 सेंटीमीटरवर आहे. पहिल्या माणसाला 81 सेंटीमीटरची घोडी लागेल, दुसऱ्याला 90 ची. तोच लेथ 75 सेंटीमीटरच्या टेबलावर ठेवला, तर उंच माणसाला तो 15 सेंटीमीटरने बुटका पडतो. पायाखाली जाड रबरी चटई घालायची असेल, तर तिची जाडीही हिशेबात धरावी.

कोपरच का? कारण कातकाम हाताच्या जोराचे नाही. कसलेला कातारी हत्याराची मूठ कमरेशी टेकवतो, पुढचा हात टूलरेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या आधारावर, ठेवतो आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर नेत सगळे अंग हलवतो. कापाची सलग रेषा त्या झोक्यातून येते. स्पिंडल खाली असले की मूठ कमरेशी ठेवून पाते लाकडाला नीट लागत नाही. मग माणूस पुढे वाकतो आणि डोक्या-धडाचे वजन तासन् तास पाठीच्या खालच्या स्नायूंवर येते. स्पिंडल फार वर असले तर खांदे उचलून धरावे लागतात आणि मान अवघडते. तरीही हा नियम दगडावरची रेघ नाही. गोल पटाशीने कापताना मूठ खाली आणि टोक वर असते, म्हणून मुख्यतः वाडगे कातणाऱ्याला मध्य कोपरापेक्षा चार-पाच सेंटीमीटर वर सोयीचा वाटू शकतो. खरवडायच्या हत्याराची मूठ मात्र आडवी किंवा किंचित वर धरायची असते, तेव्हा हीच जादा उंची खांद्यांना जाचते. सुरुवात कोपरापासून करावी आणि फेरफार कामाप्रमाणे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आपल्याकडचे पारंपरिक कातारी जमिनीवर बसून, कमानीने किंवा दोरीने लाकूड फिरवत आणि पायाने हत्याराला आधार देत काम करत आले. त्यांना कुठे घोडी होती? पण त्यांचेही काम हाताच्या टप्प्यात, अंगाच्या मापानेच मांडलेले असे. नियम जमिनीपासूनच्या आकड्याचा नाही, शरीर आणि स्पिंडल यांच्या नात्याचा आहे. विजेच्या लेथवर बसून काम करायचे असेल, तर बसल्या जागी कोपर मोजावे. मात्र बसल्यावर अंगाचा झोका हरवतो आणि ओबडधोबड ठोकळा फिरवायला लागताना त्याच्या फिरण्याच्या रेषेतून चटकन बाजूला होता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप असा, की घोडी उंच केली तर ती डुलेल. डुलते खरी, आणि म्हणूनच उंचीसोबत रुंदी व वजन वाढवावे लागते. ठोकळ्याच्या एका बाजूला 100 ग्रॅम लाकूड जास्त आहे आणि ते मध्यापासून 10 सेंटीमीटरवर आहे, असे धरा. मिनिटाला 600 फेऱ्यांवर ते सुमारे चार किलो वजनाइतक्या जोराने यंत्राला ओढते. 1200 फेऱ्यांवर सोळा किलोच्या जोराने, म्हणजे वेग दुप्पट तर हिसका चौपट. ही ओढ लेथच्या लांबीच्या दिशेने नसते, तर वर-खाली आणि पुढे-मागे असते. म्हणून घोडीचे पाय पुढे-मागे फाकलेले हवेत. फक्त पुढचे पाय कातणाऱ्याच्या पावलांत येऊ नयेत. तिरके आडवे पट्टे चौकट घट्ट धरतात. वजनासाठी महागडे लोखंडच लागते असे नाही. खालच्या फळीवर 60 बाय 30 बाय 25 सेंटीमीटरची पेटी कोरड्या वाळूने भरली की सत्तर किलोंच्या आसपास भार मिळतो, तोही तळाशी, जिथे तो हवा. जागा बदलताना वाळू काढता येते. अर्थात, भारी घोडी म्हणजे बेफिकिरीचा परवाना नव्हे. ठोकळा आधी बऱ्यापैकी गोल करून घेणे आणि कमी वेगाने सुरुवात करणे हा हिसक्यावरचा पहिला इलाज आहे.

एकाच लेथवर दोघे काम करत असतील, तर घोडी उंच माणसाच्या मापाची करावी आणि बुटक्याने रुंद, न हलणाऱ्या पाटावर उभे राहावे. अरुंद पाट नको, कारण झोक्यात पाऊल त्याच्या कडेवरून घसरते. उलट केले, तर उंच माणसाला वाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घोडी पक्की करण्यापूर्वी लेथखाली फळ्या घालून उंची तात्पुरती कमीजास्त करून पाहावी आणि पाठ-खांदे काय सांगतात ते ऐकावे. लाकडी घोडीचे पाय आधी थोडे लांबच ठेवावेत. लांब पाय करवतीने तोकडे होतात. तोकडे झालेले पाय करवत वाढवून देत नाही.