थरारपट फसला, प्रश्न उरला

रॉटरडॅमला खेटून असलेल्या कापेल आन डेन आयसेलमध्ये राहायला येऊन मला चार वर्षं झाली. शनिवारी डे टेर्प स्टेशनवरून मेट्रो पकडायची, रॉटरडॅमच्या मध्यात उतरायचं आणि बाजारहाट करायचा, हा आमचा नेम. तिथल्या कोर्टे होगस्ट्रातवर टक्कल असलेल्या एका माणसाचा पुतळा आहे. बरेच दिवस मी नुसताच पुढे जायचो. एकदा ऑफिसमधल्या रॉटरडॅमच्याच सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पिम फोर्ताउन. त्यांच्या खुनावर सिनेमा आहे, बघ. तुझं डचही सुधारेल."

फोर्ताउन हे समाजशास्त्राचे माजी प्राध्यापक. स्थलांतरितांबद्दलची त्यांची मतं माझ्यासारख्याला पटणारी नाहीत. पण मार्च २००२ मध्ये रॉटरडॅमकरांनी त्यांच्या पक्षाला पालिकेत ४५ पैकी १७ जागा दिल्या होत्या. देशाची निवडणूक १५ मे रोजी होती. त्याआधी ६ मे रोजी हिल्व्हरसमच्या मीडिया पार्कमध्ये रेडिओला मुलाखत देऊन ते बाहेर आले आणि पार्किंगमध्येच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी प्राणिहक्क आणि पर्यावरणासाठी काम करणारा. काही मिनिटांत पकडला गेला. पुढच्या वर्षी त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली.

सिनेमाचं नावच '०६/०५'. दिग्दर्शक थिओ फान गोख, म्हणजे चित्रकार व्हिन्सेंटच्या भावाचा पणतू. गोष्ट टोमास रॉस यांच्या कादंबरीवर बेतलेली. सुरुवात भारी आहे. एक फोटोग्राफर एका नटीचे फोटो काढायला नेमका त्याच दिवशी मीडिया पार्कमध्ये जातो आणि नंतर आपल्याच फोटोंमध्ये त्याला भलतंच काहीतरी सापडतं. मी सोफ्यावर सावरून बसलो.

पण मग गुप्तचर आले, अमेरिकेच्या जेएसएफ लढाऊ विमानांचं राजकारण आलं, प्राणिहक्कवाले आले. विमानांचा वाद खरा होता. त्याच वर्षी नेदरलँड्सने त्या प्रकल्पात सहभागी व्हायचं ठरवलं. पण सिनेमा एक दुवा पक्का न करताच पुढचा जोडत जातो. आमच्या कामात बग सापडला नाही की नवखा माणूस प्रत्येक फाईलवर संशय घेतो, तसंच काहीसं. कट जितका मोठा होत गेला, तितकी माझी उत्सुकता कमी झाली. ज्याचा खून झाला, तो माणूस तर गोष्टीत कुठल्या कुठे राहून गेला.

हा सिनेमा प्रदर्शित झालेला बघायला दिग्दर्शक स्वतः उरला नाही. २ नोव्हेंबर २००४ रोजी ॲमस्टरडॅममध्ये सायकलवरून जाताना एका धर्मांध तरुणाने फान गोख यांचा खून केला. तोही लगेच पकडला गेला. त्याने आपला हेतू लपवलासुद्धा नाही.

लॅपटॉप बंद केला आणि मला पुणे आठवलं. २० ऑगस्ट २०१३. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्याची बातमी मेसमध्ये आली. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. मधल्या जवळपास अकरा वर्षांत किती तर्क ऐकले! बाबा फोनवर विचारायचे, "अरे, त्या खटल्याचं काय झालं?" जणू मला इथे बसून जास्त कळतं.

इथे उत्तर काही मिनिटांत मिळालं होतं, तरी सिनेमाला ते पुरलं नाही. तिकडे मात्र गोळ्या झाडणाऱ्यांच्या मागे कोण होतं, हा खराखुरा प्रश्न होता आणि निकालानंतरही तो उरलाच. त्यासाठी कुठला फोटोग्राफर धावून आला नाही. अंनिसचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले, तोच प्रश्न विचारत राहिले. त्यात थरार काहीच नाही. पण कटाचा शोध घ्यायचा तर तो असाच चिकाटीने घ्यावा लागतो, असं मला वाटतं.

सोमवारी सहकाऱ्याने विचारलं, "कसा वाटला?" म्हटलं, "सुरुवात चांगली आहे." तो हसला. "आणि डच?"

"ते सुधारतंय," मी म्हणालो. आता शनिवारी पुतळ्यापाशी मी जरा थांबतो.